बिनदुधाचं ताट

परभणी जिल्ह्यात कुणी दूध-दही सोडलं असं कळलं, की ऐकणारा आधी तब्येतीची चौकशी करतो. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर मग हे शहरातलं खूळ, असा निकाल देतो. कित्येक वर्षं माझंही मत हेच होतं. दुकानातलं बदामाचं दूध, डब्यातून येणारं महागडं चीज, मोठ्या शहरांतली हॉटेलं, हे सगळं मिळून जे होतं ते ‘व्हीगन’, अशी माझी समजूत होती. ज्या भागात पाऊस दगा देतो आणि म्हशीचं दूध डेअरीला घालून लेकरांच्या शाळेचा खर्च भागतो, तिथे दुधाला नको म्हणणं मला अन्नाचा अपमान वाटायचा.

दुसरी शंका याहून खोल होती. आपल्याकडे कोण काय खातो यावरून माणसाची पायरी ठरवली गेली. मांस खाणाऱ्याला खालचा मानायचं आणि त्यालाच सात्त्विकता म्हणायचं, हे मी गावात पाहत आले. मांस, अंडी, दूध हे सगळंच सोडणारे लोक म्हणजे त्या उतरंडीवरची आणखी एक वरची पायरी, असं मी धरून चालले होते.

आज माझ्या ताटात यातलं काहीच नसतं. मत बदलण्याची कारणं मला परक्या ठिकाणाहून आणावी लागली नाहीत. ती आमच्या गोठ्यात, शिवारात आणि माझ्या आईच्या चुलीपाशीच होती.

सुरुवात गोठ्यापासून झाली. माझं माहेर जिंतूर तालुक्यातलं, घरी म्हशी. म्हैस व्याली आणि वगार झाली की घरात आनंद. हल्या झाला की कुणी फारसं बोलत नसे. वगारीला आचळाशी जास्त वेळ मिळायचा. हल्या पान्हा सुटण्यापुरता लावायचा आणि ओढून बाजूला बांधायचा. पारडू दगावलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे ठेवायचे, ती ते चाटायची आणि पान्हा सोडायची. हे मी लहानपणापासून पाहिलं होतं. त्यात दुष्टपणा कुणाचाच नव्हता, माझे वडील जनावरांवर जीव लावणारेच होते. पण पुण्याला शिकणारी माझी लेक सुट्टीत आली आणि तिने विचारलं, “आई, आपल्याकडे इतक्या म्हशी व्यायल्या, मग मोठा झालेला हल्या मी एकही का पाहिला नाही?” तेव्हा उत्तर मला ठाऊक होतं आणि ते मला तोंडाने सांगवेना.

नांगर-वखर ट्रॅक्टरने होऊ लागल्यापासून नराला काम उरलेलं नाही. २०१५ साली राज्यात गोवंश हत्याबंदीचा कायदा लागू झाला. त्यात बैल आणि गोऱ्हे आले, म्हशी आणि रेडे आले नाहीत. त्यामुळे गोऱ्हा विकता येत नाही म्हणून शेतकरी अडचणीत, मोकाट जनावरं पिकात, आणि हल्या मात्र कसायाकडे. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे आहेत, असं मी मानत होते. गोठ्याचा हिशेब नीट मांडला की ती एकाच दाव्याची दोन टोकं आहेत हे दिसतं. मांस खाणाऱ्याकडे बोट दाखवून स्वतः पेढे वाटणं मला त्या दिवसापासून जमलं नाही. व्हीगन माणूस वरच्या पायरीवर बसतो ही माझी समजूतही तिथेच मोडली, कारण हा विचार ‘सात्त्विक’ दुधालाही प्रश्न विचारतो.

मन वळलं, जीभ वळली नव्हती. आमच्याकडे वरणावर तुपाची धार आणि भाताशेवटी दही नसेल तर जेवण झालं असं वाटत नाही. म्हणून मी सुरुवातीला प्रत्येक पदार्थाची नक्कल शोधू लागले. दुधासारखं दूध, पनीरसारखं पनीर, तुपासारखं तूप. बाजारातले डबे महाग होते आणि चवीला परके. २०२२ पासून व्हीगन खाद्यपदार्थांसाठी सरकारी नियम आणि वेगळं चिन्ह आलं आहे, त्यामुळे डब्यावरची ओळख सोपी झाली. पण परभणीच्या बाजारात असे डबे शोधत फिरणं हा रोजच्या जेवणाचा मार्ग होऊ शकत नाही. सासूबाई म्हणायच्या, “दुधातुपाविना का जेवण असतं, बाई? लेकराबाळांच्या घरात असं नसतं करायचं.”

त्यांच्या या प्रश्नाचं उत्तर मला दोन ठिकाणी सापडलं. एक, शाहू पाटोळे यांचं २०१५ साली आलेलं ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक. मराठवाड्यातल्या दलित समाजाची खाद्यसंस्कृती त्यात नोंदली आहे. त्यातलं बरंचसं अन्न मांसाचं आहे, आणि ते नाइलाजातून, अपमानातून, तरीही कसबाने कसं शिजवलं गेलं हे वाचताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली : माझ्या ताटाची पट्टी दुसऱ्याच्या ताटाला लावायचा मला अधिकार नाही. आणि त्याच वाचनातून हेही उमगलं, की दूध-तूप हे सगळ्या मराठवाड्याचं रोजचं अन्न कधी नव्हतंच. ज्यांच्या दावणीला जनावर नव्हतं त्यांनी पिढ्यान्पिढ्या त्याविना स्वयंपाक केला.

दुसरं उत्तर माझ्या आईच्या हातचं. दूध डेअरीला गेल्यावर तिच्या स्वतःच्या वाट्याला काय यायचं ते आठवून पाहिलं. ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, बेसन, ठेचा, कारळ्याची किंवा जवसाची चटणी आणि तिच्यावर कच्चं करडीचं तेल. सकाळी सुशीला. पावसाळ्यात शेंगोळे, चकोल्या. थंडीत हुरडा. यातल्या एकाही पदार्थाला दुधाचा थेंब लागत नाही आणि एकही पदार्थ बेचव नाही. ज्याचा पर्याय मी दुकानात शोधत होते तो आई रोज जेवत होती.

मग मी वेगळा विचार सुरू केला. तूप नसलं की नेमकं काय कमी पडतं? स्निग्धपणा आणि वास. दही नसलं की काय कमी पडतं? आंबटपणा आणि गारवा. तेवढंच भरून काढायचं, नक्कल करायची नाही. हे लक्षात आल्यावर स्वयंपाकघरातली निम्मी अडचण संपली.

स्निग्धपणा आमच्या गळिताच्या धान्यांत भरपूर आहे. गरम भाकरीवर भाजलेल्या तिळाचं कूट आणि तेल, वरणभातावर लसूण-जिऱ्याची कडक फोडणी वरून, भाजीत दाण्याचं कूट जरा सढळ हाताने. पुरणपोळीवर दूध-तूप घेण्याची सवय होती, तिथे गुळवणी आणि कटाची आमटी आली. दोन्ही आपल्याच जुन्या. गव्हाच्या खिरीत नारळाचं दूध घातलं तर पाहुण्यांनाही वेगळं सांगावं लागत नाही.

दह्यासाठी शेंगदाणे कामाला आले. दाणे चार-पाच तास भिजवून, सालं काढून, बारीक वाटून गाळायचे. ते दूध सतत ढवळत उकळायचं, कोमट झालं की हिरव्या मिरचीचे देठ टाकून उबेला रात्रभर ठेवायचं. पुढच्या वेळी आधीच्याच दह्याचं विरजण चालतं. नुसतं खाताना दाण्याचा वास लागतो हे खरं. पण बेसन लावून, मोहरी-कढीपत्त्याची फोडणी देऊन कढी केली की तो मागे पडतो. येळवशीच्या सणाला करतात त्या आंबिलीला तर मी आता हे दहीही वापरत नाही. ज्वारीचं पीठ पाण्यात कालवून रात्रभर आंबवलं की त्याचा आंबटपणा पुरतो.

सोयाबीनने जास्त चिकाटी मागितली. कच्च्या दाण्याला एक उग्र वास असतो, आणि नीट शिजवला नाही तर तो पचतही नाही. थंड पाण्यात वाटलं की तो वास वाढतो. रात्रभर भिजवून, सालं चोळून काढून, उकळत्या पाण्यात वाटलं आणि नंतर पंधरा-वीस मिनिटं चांगलं उकळलं, की वास बराच जातो. त्या गरम दुधात लिंबाचा रस घालून ते फाडायचं, फडक्यात बांधून वजनाखाली दाबायचं. हे सोयाचं पनीर कांदा-टोमॅटोवर भुर्जीसारखं परतलं तर घरात सगळे खातात. उरलेला चोथा थालीपिठात जातो.

चहाला मात्र पर्याय मिळाला नाही, हे सरळ सांगते. सोयाचं दूध चहात कधी फुटतं, दाण्याचं दूध चहाची चव झाकतं. मी गवती चहा आणि आलं घालून कोरा चहा घेते, कधी लिंबू पिळून. दुधाच्या चहाची आठवण अजून येते, आणि ती येते म्हणून काही बिघडत नाही.

शरीराचा प्रश्न मी श्रद्धेवर सोडला नाही, कुणी सोडूही नये. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, तूर, मूग, हरभऱ्यात ते भरपूर असतं. म्हणून भाकरीबरोबर डाळ हवीच. गाईच्या शंभर ग्रॅम दुधात साधारण १२० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच नाचणीत जवळपास ३५० आणि तिळात हजाराहून अधिक. तीळ आपण मूठभर खात नाही आणि त्यातलं सगळं कॅल्शियम अंगी लागत नाही, तरी रोजच्या चटणी-कुटातून बराच हातभार लागतो. लोहासाठी तर परभणीचंच नाव घ्यावं लागतं. इथल्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेबरोबर तयार केलेली ‘परभणी शक्ती’ ही लोह आणि जस्त वाढवलेली ज्वारी २०१८ साली आली, देशातली अशी पहिली.

पण एक गोष्ट शिवारात पिकत नाही, ती म्हणजे जीवनसत्त्व बी-१२. ते वनस्पतीत मिळत नाही. गोळी घ्यावी लागते आणि रक्त तपासून घ्यावं लागतं. गांधीजींची गोष्ट इथे मला फार महत्त्वाची वाटते. त्यांनी १९१२ साली दक्षिण आफ्रिकेत टॉल्स्टॉय फार्मवर दूध सोडलं. खेडा सत्याग्रहानंतर ते इतके आजारी पडले की कस्तुरबांच्या आग्रहामुळे त्यांनी शेळीचं दूध सुरू केलं, आणि व्रताचं अक्षर पाळलं तरी आत्मा मोडला ही खंत त्यांना शेवटपर्यंत राहिली. दुधाची जागा घेईल असा वनस्पतीजन्य पदार्थ कुणाला माहीत असेल तर कळवावा, अशी विनंतीही त्यांनी आत्मकथेत केली आहे. बी-१२ शुद्ध रूपात वेगळं काढलं गेलं ते १९४८ साली, गांधीजी गेले त्याच वर्षी. त्यांना जी सोय नव्हती ती आज आपल्याला औषधाच्या दुकानात मिळते. ती असताना केवळ निग्रहावर शरीर झिजवण्यात कसलाच मोठेपणा नाही.

एक प्रश्न मी अजून सोडवू शकलेले नाही. माझा भाऊ आजही दूध घालतो. सोयाबीनचे पैसे वर्षातून एकदा येतात, दुधाचे दर आठ-दहा दिवसांनी. तो म्हणतो, “ताई, तू सोडलंस ते बरंच केलंस, पण माझं घर दुधावर चालतं.” त्याला सोड म्हणायचं माझं तोंड नाही. ज्याला दुसरा आधार नाही त्याच्याकडून त्यागाची अपेक्षा करू नये, असं मला मनापासून वाटतं. ज्यांची पगाराची नोकरी आहे, ज्यांना निवड करता येते, त्यांनी आधी बदलावं.

मात्र त्याच भावाच्या शेतातल्या सोयाबीनबद्दल मला बोलायचं आहे. २०२४-२५ च्या हंगामात त्याचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि अनेक बाजार समित्यांत माल त्याहून कमी भावाने गेला. या दाण्यात साधारण चाळीस टक्के प्रथिनं असतात. आपण तो पोत्यांत भरून विकतो, गिरणीत त्याचं तेल निघतं, आणि प्रथिनांनी भरलेली पेंड मुख्यतः कोंबड्यांच्या खाद्यात जाते. ज्या जिल्ह्यात तो पिकतो तिथल्या ताटात तो दिसत नाही. हे नुकसान मला दूध सोडायचं की नाही या प्रश्नापेक्षाही मोठं वाटतं, आणि त्यावरचा उपाय दूध पिणाऱ्यालाही करता येतो.

म्हणून माझी विनंती दूध सोडा अशी नाही. ज्यांना गोठ्यातला हिशेब माझ्यासारखा दिसेल ते आपोआप सोडतील. ज्यांना दिसणार नाही त्यांनीही यंदा सुगीत थोडं सोयाबीन, तीळ, जवस आणि कारळं घरासाठी मागे ठेवावं आणि आठवड्यातले काही दिवस आपल्या आई-आजीसारखं जेवून पाहावं. पूर्ण सोडणाऱ्यांनी बी-१२ चुकवू नये, आणि लहान लेकरं किंवा गरोदर बाई घरात असेल तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय काही बदलू नये. आणि आपण काय सोडलं याच्या जोरावर दुसऱ्याच्या ताटात डोकावू नये.