शिरगावच्या वाटेवर: लुगडे, दागिना आणि भिंतीवरची बाई

पालघर स्टेशनवर उतरलात तर पश्चिमेकडे जाणारी सातपाटीची एस.टी. धरा. वाटेत शिरगाव लागते. जुना किल्ला, सुरूचे बन आणि पुढे समुद्र. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या मोहिमेत हा किल्ला पोर्तुगीजांकडून मराठ्यांकडे आला. पाहुणे तटबंदी पाहतात, वाळूत फिरतात आणि परततात. तुम्ही मात्र एस.टी.त चढणाऱ्या बायाही पाहा.

मासळीची टोपली घेतलेली म्हातारी कोळीण अजूनही गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा घालते, कारण तिचे काम पाण्याकाठचे. बागायतदाराघरची आजी पायघोळ नऊवारीत असते. वारली म्हातारीचे लुगडे आखूड, चिखलात वाकायला सोयीचे. नेसण कामातून आली. पण बघणाऱ्याने तिच्यावरून बाईची पायरी ठरवली.

जुन्या चित्रांतही तेच दिसते. चित्रकार म. वि. धुरंधर यांनी १९२० साली निघालेल्या 'विमेन ऑफ इंडिया' या इंग्रजी पुस्तकासाठी देशभरच्या स्त्रिया रंगवल्या. पदर कसा, चोळी कशी, नाकात काय, यावरून जात, प्रांत आणि ऐपत ओळखावी अशी ती चित्रे. त्याआधी, १८९४ साली, राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईत सुरू झाला. लक्ष्मी-सरस्वती भरजरी साडीत, दागिन्यांनी मढून स्वस्त कागदावर घरोघर पोचल्या. ज्या घरात जरीचे सूत कधी आले नव्हते, तिथेही भिंतीवर जर आली. पुढे कॅलेंडरांनी तोच साज चालवला.

आता पालघरला परत या आणि रेल्वेच्या पूर्वेला डहाणू-विक्रमगडच्या पाड्यांकडे वळा. वारल्यांच्या घरी लग्न निघाले की कुडाच्या भिंतीवर शेणामातीचा लेप देऊन गेरू फासतात. तांदळाचे पीठ पाण्यात कालवून, बांबूच्या काडीने सुवासिनी लग्नचौक लिहितात. मध्ये पालघट देवी, भोवती सूर्य, चंद्र, शिडी, फणी. माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण. बाई ओळखायची ती डोक्यामागच्या अंबाड्यावरून. लुगड्याचा काठ नाही, नथ नाही. मोठ्या घरची कोण आणि मजुरीवाली कोण, हे चित्र सांगत नाही. कोण लावणी करते, कोण पाणी आणते, कोण फेरात नाचते, एवढेच दिसते. १९७० नंतर गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रे कागदावर काढून जगभर नेली; २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण भिंतीवरचा चौक मुळात बायकांचाच.

हे शेतीच्या पानावर कशाला, असे कुणी विचारील. विस्तार कार्यात इतकी वर्षे गावोगाव फिरताना एक गोष्ट मी पाहिली आहे. भाताचे पैसे हाती येतात आणि लग्नसराई उभी राहते. शालू, मानपान, दागिना, सारे शेजारच्या घराकडे बघून ठरते. मग मृग तोंडावर आला की बियाण्याला आणि खताला उसनवारी. लग्न एका दिवसाचे. व्याज मात्र पुढच्या सुगीतही शेत खाते.

दागिना वाईट असे मी म्हणणार नाही. कोळीण स्वतःच्या कमाईतून सोने करते, अडल्या वेळी तेच तिच्या कामी येते. ती तिची बँक आहे. कर्ज काढून चार दिवस मिरवलेला दागिना निराळा. यंदा घरात लग्न असेल, तर शालूची किंमत ठरवण्याआधी घरच्या लक्ष्मीला सोबत बसवून खरिपाचे बियाणे, खत आणि मजुरी यांचा खर्च कागदावर मांडा. तेवढे पैसे बाजूला काढा, आणि मग कापडाच्या दुकानाची पायरी चढा.