यीस्टला चालतो माणसाचा कोड!

यीस्ट म्हटलं की आपल्याला पाव आणि बिअर आठवते. पण १९८७ साली लंडनमध्ये मेलनी ली आणि पॉल नर्स यांनी एक भन्नाट प्रयोग केला. एक जनुक बिघडल्यामुळे विभाजन अडकलेल्या यीस्टमध्ये त्यांनी माणसाची जनुकं सोडली. त्यातलं एक चक्क लागू पडलं, यीस्ट पुन्हा वाढू लागलं! आमच्याकडे दोन वर्षं जुना कोड नव्या सर्व्हरवर चालत नाही राव, आणि इथे तर वाटा वेगळ्या होऊन अब्जाहून जास्त वर्षं झालेली.

नर्सना २००१ साली नोबेल मिळालं. त्याच कुळातली प्रथिनं रोखणारं पाल्बोसिक्लिब २०१५ साली अमेरिकेत स्तनाच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. माझी मावशी तेच घेते. २१ दिवस गोळी, ७ दिवस सुट्टी.

'यीस्टवर संशोधन करून काय मिळतं?' असं कोणी विचारलंच, तर सरळ मावशीकडे पाठवीन. चहाही मिळेल.