सूर्य रजेवर जातो त्या गावी

"मुलगी कुठे असते?" असे कोणी विचारले, की आमची सौ. "नॉर्वेला" एवढेच सांगून विषय बदलत असे. कारण पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "तिकडे म्हणे दोन-दोन महिने ऊनच पडत नाही? मग पोरगी राहते कशी?" या प्रश्नाचे उत्तर तिच्याजवळ नव्हते आणि माझ्याजवळही नव्हते.

आमची थोरली २०२२ च्या ऑगस्टात ट्रॉम्सो नावाच्या शहरी गेली. तिथल्या विद्यापीठात समुद्रातल्या शेवाळावर तिचे संशोधन चालते. त्या देशात पीएच.डी. करणाऱ्याला नोकरदारासारखा पगार मिळतो, म्हणून पैशाची ओढ नव्हती. दर रविवारी फोन येई. "कशी आहेस?" "बरी आहे." "थंडी?" "आहे, पण सोसते." एवढ्यावर बोलणे आटोपायचे.

आता कृषी खात्यात अठ्ठावीस वर्षे काढल्यावर एक गोष्ट अंगात मुरली आहे. शेतकऱ्याला रस्त्यात गाठून "पीक कसं आहे?" विचारले, तर तो "बरं आहे" म्हणतो. करपा कुठे लागला आहे, वाफसा नसताना पाळी कुठे घातली गेली आहे, हे बांधावर गेल्याशिवाय कळत नाही. तेव्हा सौ.ला म्हटले, "चल, बांधावर जाऊन येऊ." शिल्लक अर्जित रजा टाकली आणि २०२४ च्या जानेवारीत, ऐन अंधाराच्या दिवसांत, आम्ही दोघे निघालो. उन्हाळ्यात या, तेव्हा रात्रीसुद्धा सूर्य दिसतो, असे मुलगी सांगत होती. पण पिकाची परीक्षा ताणाच्या काळातच होते.

नॉर्वेची राजधानी ऑस्लो. तिथून विमानाने आणखी दोन तास उत्तरेला गेले की ट्रॉम्सो येते. नकाशावर बघाल तर आपला महाराष्ट्र १६ ते २२ अक्षांशांत आहे, आणि हे शहर ६९ अंशांच्याही वर. पृथ्वी साडेतेवीस अंशांनी कललेली असल्यामुळे हिवाळ्यात तिचा उत्तरेकडचा माथा सूर्याला पाठ करून असतो. आपल्याकडे अगदी लहानात लहान दिवसही अकरा तासांच्या आसपास भरतो. ट्रॉम्सोला मात्र नोव्हेंबरच्या २७ तारखेच्या सुमारास सूर्य क्षितिजाखाली जातो, तो जानेवारीच्या १५ तारखेपर्यंत वर येत नाही. भोवती डोंगर असल्याने शहरातून तो दिसायला २१ जानेवारी उजाडते. उन्हाळ्यात याच्या उलट. २० मेपासून २२ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही.

मुलगी इतरांबरोबर घर वाटून राहते. तिची स्वतःची एकच खोली, त्यात आम्ही दोघे मावणार कसे? म्हणून तिने जवळच्या एका साध्या हॉटेलात आमची पाच रात्रींची सोय केली होती. हॉटेल म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे गणवेशातला दरवान आणि सामान उचलणारी पोरे येतात. इथे तसे काही नव्हते. पिवळ्या रंगाचे तीन मजली लाकडी घर. दाराला आकड्यांचे कुलूप, ते आकडे मुलीच्या फोनवर आलेले. बॅगा आमच्या आम्ही वर नेल्या. दाराबाहेर लोखंडी जाळी आणि एक केरसुणीसारखा ब्रश. जाळीवर बूट घासायचे, ब्रशाने बर्फ झटकायचा आणि आत गेल्यावर बूट काढून फळीवर ठेवायचे. सौ.ला पहिला धीर इथेच आला. म्हणाली, "चपला बाहेर काढतात म्हणजे माणसं आपल्यातलीच."

खोली दहा बाय बाराची. दोन अरुंद पलंग, आणि प्रत्येकाला वेगळी दुलई. तिकडे नवराबायकोसुद्धा एका पांघरुणात ओढाताण करीत नाहीत. खिडकीला काचांचे एकावर एक थर, त्यांच्यामध्ये हवा कोंडलेली. खिडकीखाली विजेची शेगडी. न्हाणीघराची फरशी पायाला कोमट लागायची, कारण तिच्याखाली तापणाऱ्या तारा. बाहेर उणे आठ अंश आणि आम्ही आत साध्या सदऱ्यात! खोलीत टी.व्ही. होता, पण त्यापलीकडे शोभेची वस्तू एकही नव्हती. भाडे मात्र रुपयांत दहा हजारांच्या घरात, एका रात्रीचे. मुलीने ते आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितले, म्हणून पहिली रात्र सुखाची झोप लागली.

न्याहारी भाड्यातच होती. पाव, लोणी, उकडलेली अंडी, ओटची लापशी, जांभळासारख्या रानफळांचा मुरांबा आणि तपकिरी रंगाचे एक चीज. ते चीज दुभत्या घरांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. साधे चीज केल्यावर जे निवळ पाणी उरते, ते तिकडे टाकत नाहीत. त्यात साय किंवा शेळीचे दूध घालून तासन् तास आटवतात. दुधातली साखर करपत आली की ते खव्यासारखे घट्ट आणि तपकिरी होते. चव थेट दुधाच्या खरवडीची.

टेबलाच्या कडेला एक बाटली आणि छोटे चमचे ठेवलेले असत. ते कॉड माशाच्या यकृताचे तेल. ऊन अंगावर पडले की आपल्या कातडीत 'ड' जीवनसत्त्व तयार होते. जिथे ऊनच नाही तिथे ते पोटातून घ्यावे लागते. ज्या महिन्याच्या नावात 'र' येतो त्या महिन्यात रोज एक चमचा, असा तिथला जुना रिवाज. म्हणजे सप्टेंबर ते एप्रिल! सौ. माळकरी, तिने बाटलीला हात लावला नाही. मुलीने तिच्यापुढे गोळ्यांची डबी ठेवली. "मी याच घेते, रोज," ती म्हणाली. का घेते, ते मागाहून कळायचे होते.

खालच्या मजल्यावर पाहुण्यांसाठी सामाईक स्वयंपाकघर होते. आपले आपण शिजवायचे, भांडी आपण घासायची, ओटा पुसून ठेवायचा. छताला धूर ओळखणारे यंत्र, म्हणून मुलीने आधीच बजावले होते की फोडणी जपून. सौ.ने बिनधुराचे पिठले केले आणि वरून कच्चे तेल सोडले. तिथे एक जर्मन जोडपे आणि तेलविहिरीवर काम करणारा एक इसम होता. त्यांनीही पिठल्याला बोट लावून पाहिले. दिवसभर कोणी देखरेखीला नसे, पण एक कप कधी मोरीत पडलेला दिसला नाही.

हॉटेलची मालकीण साठीची बाई. तिचा भाऊ गावाबाहेरच्या फ्योर्डच्या काठी, म्हणजे डोंगरात शिरलेल्या समुद्राच्या फाट्यालगत, शेळ्या राखतो. मी शेतीखात्यातला आहे असे कळल्यावर बाई रोज संध्याकाळी येऊन बसू लागली. तिचे इंग्रजी माझ्यासारखेच, त्यामुळे गाडी बरोबर चालली. हिवाळाभर शेळ्या गोठ्यात असतात. उन्हाळ्यात गवत कापून, प्लास्टिकच्या पांढऱ्या गुंडाळ्यांत हवाबंद करून मुरघास करतात, तोच वसंतापर्यंत पुरवायचा. ज्याचा मुरघास कमी पडला त्याचा गोठा कमी झाला. बटाटा मात्र तिथला नामांकित. 'गुलओये' म्हणजे सोनडोळ्या नावाची जुनी जात आहे, आणि आपल्या जळगावच्या भरताच्या वांग्याला जसे भौगोलिक मानांकन आहे तसे तिच्याही नावाला संरक्षण आहे. हंगाम दोन-तीन महिन्यांचा, पण चोवीस तास उजेड.

पंधरा जानेवारीला आपली संक्रांत होती. सौ.ने नेलेला तिळगूळ बाईच्या हातावर ठेवला आणि मी सांगितले, "आजपासून सूर्य उत्तरेकडे निघाला असं आमच्याकडे मानतात." बाई चकित झाली. म्हणाली, "अहो, आमचाही सूर्य आजच क्षितिजावर येतो! डोंगराआड असल्यामुळे दिसत नाही इतकंच." दोन मुलखांचा सण एकाच दिवशी निघाला.

अंधार म्हणजे काळाकुट्ट अंधार, ही माझी समजूत तिथे गळून पडली. सकाळी नऊच्या सुमारास आभाळ निळसर होई, खाली बर्फ पांढरा असल्याने तेवढा उजेडही पसरे, आणि दुपारी अडीचला परत रात्र. थंडीसुद्धा कल्पनेइतकी नाही. अटलांटिक महासागरातून उबदार पाण्याचा प्रवाह तिथवर येतो, त्यामुळे जानेवारीचे सरासरी तापमान उणे तीन-चार अंश असते आणि समुद्र गोठत नाही. आपले लेह याहून थंड. शहर एका बेटावर वसले आहे. १९६० साली बांधलेला एक किलोमीटरहून लांब पूल त्याला मुख्य भूमीशी जोडतो. त्या पुलावरून संध्याकाळी पाहिले, तर प्रत्येक घराच्या खिडकीत एकेक दिवा. पडदे उघडे. मी मुलीला विचारले, "वीज स्वस्त आहे का?" ती म्हणाली, "बाबा, तो दिवा रस्त्यावरून जाणाऱ्यासाठी असतो."

त्याच रात्री स्वयंपाकघरात आम्ही तिघेच होतो. सौ. भांडी पुसत होती. मी मुलीला सरळ विचारले, "पहिला हिवाळा कसा गेला? फोनवरचं नको, खरं सांग."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डिसेंबरात मला उठवतच नव्हतं. चौदा-चौदा तास झोपायची, तरी थकवा. रडू यायचं, कारण काही नाही. आठवडाभर कामावर गेले नाही. तुम्हाला काय सांगणार? तुम्ही म्हणाला असता, ये परत."

सौ.च्या हातातले फडके थांबले.

"मग?" मी विचारले.

"माझ्या विभागातल्या एका बाईने दार वाजवलं. आत आली, खिडकीत दिवा लावला, चहा केला आणि दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, इथे नव्या माणसांना हे होतं. लाजायचं कारण नाही." त्यांनी 'ड' जीवनसत्त्व दिले. सकाळी अर्धा तास प्रखर पांढऱ्या दिव्यापुढे बसायला आणि दुपारी आभाळ निळे असेल तेवढा वेळ बाहेर चालायला सांगितले. मुख्य म्हणजे, आठवड्यात दोन संध्याकाळी कोणाकडे तरी जेवायला जायचेच. फेब्रुवारीत ती सावरली. दुसऱ्या हिवाळ्यात, म्हणजे आम्ही गेलो तेव्हा, तिने हे सारे नोव्हेंबरातच सुरू केले होते.

मी मनात म्हटले, यात नवल ते काय? दिवस लहान झाला की कोंबडी अंडी कमी देते, म्हणून पोल्ट्रीवाला सोळा तास दिवा धरतो. दिवसाची लांबी जुळली नाही तर कांदा पोसत नाही. उजेडाची भूक सगळ्या जिवांना आहे. पिकाला खत-पाणी देताना आपण "त्याने मन घट्ट करावं" असे म्हणत नाही.

दुसऱ्या दिवशी मालकीणबाईला मी विचारले, "तुमच्या या घरात एकटे पाहुणे येतात. त्यांचं काय?" ती म्हणाली, "हिवाळ्यात मी न्याहारीच्या बशा मोजते. कोणी दोन दिवस खाली आलं नाही, तर मी जाऊन दार वाजवते. रागावले तर रागावू देत." तिथे एक शब्द आहे, त्याचा उच्चार आपल्या 'कूस' शब्दासारखा. बाहेर अंधार असताना दिवा लावून, काही गरम घेऊन चार माणसांनी जवळ बसणे, याला ते 'कूस' म्हणतात. आपल्या आईच्या कुशीशी त्या शब्दाचे नाते नसेल, पण अर्थ फार लांबचा नाही.

एकोणीस तारखेला आम्ही निघालो. मुलीचे तिथले मन रमले आहे, आणखी दीड-दोन वर्षे काम आहे. ये परत, असे आम्ही म्हटले नाही. सौ.ने इतकेच सांगितले, "आता रविवारी 'बरी आहे' म्हणायचं नाही. काय खाल्लं, किती झोपलीस, कोणाकडे गेलीस, ते सांगायचं." त्याप्रमाणे २१ तारखेचा फोन लांबला. त्या दिवशी तिथे सूर्याच्या स्वागताला मुरांबा भरलेले गोल गोड पाव खातात, शाळेतली पोरे सूर्याची गाणी म्हणतात. "आभाळ भरलं होतं, सूर्य काही दिसला नाही," मुलगी हसत म्हणाली, "पण पावासाठी रांग होती, आणि मी दोन खाल्ले."

वाचकहो, नॉर्वे तुमच्या-आमच्या वाटेवर नाही. पण आज गावोगावची मुले-मुली पुण्याला, संभाजीनगरला, मुंबईला शिकायला आणि नोकरीला आहेत. कोणी पत्र्याच्या खोलीत, कोणी वसतिगृहात, कोणी चौघांत एक खाट घेऊन. तिथे सूर्य रोज उगवतो, पण ट्रॉम्सोचा अंधार पुण्यातल्या खोलीतही पडू शकतो, आणि फोनवर "बरं आहे" हेच उत्तर येते. सुगी आटोपली की एकदा त्यांच्या बांधावर जाऊन या. एक रात्र साध्या लॉजवर काढा, त्यांच्याबरोबर जेवा, खोलीचे दार आणि खिडकी पाहा. त्यांच्या शेजाऱ्याची ओळख करून घ्या आणि त्याला सांगा, की दोन दिवस हा दिसला नाही तर दार वाजव बाबा. आणि आपल्या गावातही कोणाचे पोर शिकायला येऊन एकटे राहत असेल, तर त्याच्या दारावरची थाप आपली असू द्या.