नववा छर्रा

घराच्या राखणीसाठीच्या बंदुकीत काडतूस आठ छर्ऱ्यांचं घ्यावं की नऊ छर्ऱ्यांचं, एवढ्याशा प्रश्नाने गेले काही दिवस माझी पाठ धरली आहे.

अमेरिकेत ज्याला डबल-ऑट बकशॉट म्हणतात, त्या प्रकारच्या बारा बोरच्या नेहमीच्या काडतुसात आठ किंवा नऊ छर्रे असतात. एकेक छर्रा 8.4 मिलिमीटरचा, वाटाण्याएवढा. नऊचा रिवाज जुना. पण नेमबाजीत मुरलेल्या लोकांची नऊबद्दल एक तक्रार असते : आठ एका जागी बसतात आणि एखादा भरकटतो. बार उडताना दारूचा सगळा रेटा तळच्या थरावर येतो, मऊ शिसं चेपतं आणि चेपलेला छर्रा हवेत सरळ जात नाही. त्यावर उपायही निघाले आहेत. शिशावर तांब्याचा मुलामा देतात, छर्ऱ्यांमधल्या फटींत प्लास्टिकची बारीक पूड भरतात. फेडरल कंपनीची ‘फ्लाइटकंट्रोल’ नावाची डबी तर नळीबाहेर पडल्यावरही छर्ऱ्यांना काही अंतर धरून ठेवते. मग तिचे मागचे पंख उघडतात, ती मंदावते आणि छर्रे पुढून सुटतात. तिचं आठचं काडतूस घेतलं तर घरातल्या अंतरावर आठही छर्रे दहा सेंटिमीटरच्या आत लागतात. भरकटायला नववा नसतोच.

तर मग आठ, असं म्हणून उठावं. पण मला खरी भीती न भरकटलेल्या छर्ऱ्याची वाटते.

1986 मध्ये मायामीत एफबीआयच्या माणसांची दोन दरोडेखोरांशी चकमक झाली. तिच्यानंतर गोळीची पारख जिलेटिनच्या ठोकळ्यात करायची पद्धत पक्की झाली : गोळी किमान बारा इंच आत जावी, अठरापलीकडे जाऊ नये. माणसाला खात्रीने थांबवायचं तर तेवढं खोल जावं लागतं. आणि आमच्या इथल्या अमेरिकन घरांच्या आतल्या भिंती म्हणजे लाकडी चौकटीच्या दोन्ही अंगांना ठोकलेला अर्ध्या इंचाचा जिप्सम बोर्ड. जे माणसाच्या शरीरात बारा इंच जाईल ते अशा भिंतीपाशी थांबणार नाही. एकामागून एक भिंती भेदत जाईल. पक्षी मारायचे बारीक छर्रे घ्यावेत, असं कुणी सुचवतं. ते लवकर दम सोडतात हे खरं, पण त्यामुळेच समोरचा थांबेल याची खात्री उरत नाही. मग दुसरा बार, तिसरा बार. म्हणजे भिंती भेदणारं काहीतरी हातात घेण्यावाचून गत्यंतर नाही, आणि ह्यूस्टनच्या या उपनगरात आमच्या आणि शेजारच्या घरात जेमतेम तीन मीटरचं अंतर. समोरच्या अंगाला विटा असल्या तरी बाजूंना सिमेंटच्या पातळ पट्ट्याच आहेत. त्यांच्यामागे त्या घरातल्या मुलीची खोली आहे, खिडकीत तिचा दिवा दिसतो.

सुक्याबरोबर ओलंही जळतं. ही म्हण आजी फार वापरायची, आणि ती म्हटली की विषय संपायचा. गावात एकाच्या भांडणात दुसऱ्याचं नुकसान झालं, की ही म्हण. जणू निसर्गनियमच तो, त्यात कुणाचा दोष नाही. मला आता वाटतं, जळणाऱ्या ओल्यासाठी ही म्हण बनलीच नसावी. ती जाळणाऱ्याच्या सोयीची आहे.

पण आजोळी, पेणच्या बाजूला, खरंखुरं जाळणं मी पाहिलं आहे. चैत्र-वैशाखात भाताच्या रोपांसाठी राब भाजायचा. शेण, वर तोडलेली कवळं, त्यावर पातेरा, त्यावर मातीचा पातळ थर. आजोबा काडी लावायच्या आधी किती वेळ नुसते फिरत असायचे! राबाच्या कडेचा पातेरा हाताने ओढून आत घ्यायचे, बांधावरचं वाळकं गवत खरवडून मातीची पट्टी उघडी करायचे. वारा पडलेला असेल तेव्हाच, सकाळच्या वेळी, आणि आग वाऱ्याच्या उलट अंगाने हळूहळू सरकेल अशी लावायची. आम्हा पोरांच्या हातात हिरवे टहाळे दिलेले असायचे. ठिणगी बांधापलीकडे पडली की टहाळ्याने बडवायची. पानं करपायची, धूर डोळ्यांत जायचा, पण आग विझायची. ओलं जळतं हे खरंच, पण त्या शेतात आग आवरायचं काम ओल्याकडेच होतं. बांधापलीकडचं आंब्याचं कलम दुसऱ्याचं होतं. ते होरपळलं असतं तर आजीची म्हण आजोबांनी ऐकून घेतली असती, असं मला वाटत नाही.

2020 साली केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये पोलीस रात्री एका घरात शिरले आणि त्यांच्या गोळ्यांनी तिथे राहणारी ब्रिओना टेलर मेली. एका अधिकाऱ्याने बाहेरून झाडलेल्या दहा गोळ्यांपैकी काही भिंती भेदून शेजारच्या घरात गेल्या. तिथे एक मूल होतं, त्याची गरोदर आई होती. कुणाला लागलं नाही. राज्याच्या न्यायालयात खटला उभा राहिला तो या चुकार गोळ्यांचा, शेजाऱ्यांचा जीव धोक्यात घातल्याचा, आणि त्यातून तो अधिकारी 2022 मध्ये सुटला. टेलरला लागलेल्या गोळ्यांसाठी त्या न्यायालयात कुणावरही आरोप नव्हता. पुढे 2024 मध्ये संघराज्याच्या न्यायालयात तोच अधिकारी दोषी ठरला, तिच्या हक्कांचा भंग केल्याबद्दल.

हे सगळं वाचल्यापासून माझा हिशेब बिघडला आहे. मी इतके दिवस शेजारच्या मुलीचाच विचार करतो आहे. ज्याच्या अंगात ते आठ छर्रे जायचे त्याचा नाही. त्याला मी परस्पर सुक्यात टाकून मोकळा झालो. रात्री तीन वाजता अंधारात, खालच्या खोलीत कोण आहे ते मला दिसणार तरी आहे का?

जिन्याच्या वरच्या पायरीवरून झाडलं तर छर्रे शेजारी न जाता खाली काँक्रीटच्या स्लॅबकडे जातील, हेही मी बघून ठेवलं आहे. काँक्रीटवरून ते उसळतात, तेव्हा तेही पक्कं नाही. आणि आजोबांचं ते बांध खरवडणं आठवलं की वेगळीच शंका येते : ते कड साफ करत होते, कारण जाळायचं आधीच ठरलेलं होतं. मी एवढ्या काळजीने काडतूस निवडतो आहे, कुठे उभं राहायचं ते ठरवतो आहे, त्यात माझंही काही आधीच ठरून गेलं आहे का? ही काळजी घेतली नाही तर मी बेजबाबदार. घेतली तर बार काढणं मनाला थोडं सोपं होतं, असं मला जाणवतं, आणि ते मला आवडत नाही. नऊचं नको, इथवर मी आलो आहे. आठचं हवंच, असं गेल्या आठवड्यापर्यंत वाटत होतं.