सवलतीची शेवटची तारीख

संगणक घरीं आणणें सोपें. पण त्याच्या पोटांतील कारभारी बदलावयाचा म्हटलें, कीं घरांतील प्रत्येकाचें मत निराळें पडतें. ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे या यंत्राचा कारभारीच. कळफलकावर दाबलेलें अक्षर पडद्यावर उमटविणें, फायली जागच्या जागीं ठेवणें, प्रिंटरला काम सांगणें, हें सर्व त्याच्याच हुकमानें चालतें.

आमच्या घरीं २००७ सालीं घेतलेल्या संगणकावर विंडोज एक्सपी होती. त्या काळीं फुकटची नक्कल घालून घेण्याचा प्रघातच होता. परंतु बाबांनीं पैसे मोजून परवान्याची प्रत घेतली, व तिच्या २५ अक्षरांच्या किल्लीचें लेबल यंत्राच्या कुशीवर चिकटलें. शेजारीपाजारी हंसत. त्या लेबलाला पांच वर्षांनीं किंमत आली.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजीं विंडोज ८ बाजारांत आली. ज्याच्यापाशीं एक्सपी, व्हिस्टा किंवा ७ यांपैकीं एकीची परवान्याची प्रत असेल, त्यास ती डाउनलोड करून घेण्यास भारतांत १,९९९ रुपये पडत. २ जून २०१२ नंतर विंडोज ७ सह नवें यंत्र घेणाऱ्यास तर अवघे ६९९. १,९९९ च्या सवलतीची शेवटची तारीख ३१ जानेवारी २०१३ होती.

"बाजारांत दीडशें रुपयांत घालून मिळते, मग दोन हजार कशाला?" असें आमचा दादा म्हणाला. बाबा म्हणाले, "अरे, चोरीच्या कुलुपाला घराची राखण सांगतोस काय?" एक्सपीला मिळणारी सुरक्षेची डागडुजी ८ एप्रिल २०१४ नंतर बंद होणार, हें जाहीर झालें होतें, आणि आमचीं विजेचीं बिलें त्याच यंत्रावरून भरलीं जात.

खरी अडचण निराळीच होती. विंडोज ७ वरून चढणाऱ्याचे प्रोग्रॅम, मांडणी व फायली सर्व बरोबर येत. एक्सपीवरून चढणाऱ्याच्या मात्र केवळ खाजगी फायली. आजोबा २०११ सालीं वारले. त्यांनीं आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगितल्या, त्याचें चाळीस मिनिटांचें ध्वनिमुद्रण त्या डिस्कवर होतें, आणि दुसरी प्रत कोठेंहि नव्हती. आई बाबांना म्हणाली, "अहो, नवी विंडोज राहूं दे, मामंजींचा आवाज गेला तर तो कोणत्या दुकानांत मिळेल?"

या प्रश्नावर कोणापाशींहि उत्तर नव्हतें. म्हणून दोन डीव्हीडी व एक पेन ड्राइव्ह अशा तीन प्रती काढल्या; आणि बाबांनीं शेजारच्या यंत्रावर प्रत्येक प्रत शेवटपर्यंत वाजवून पाहिली. म्हणजे दोन तास ते तेथें बसून होते! मला हें तेव्हां अति वाटलें नाहीं, व आजहि वाटत नाहीं.

नंतर यंत्राची परीक्षा घेणारा प्रोग्रॅम चालविला. त्यानें सांगितलें, कीं रॅम ५१२ एमबी आहे, ती निदान १ जीबी हवी. डिस्कवर १६ जीबी जागा मोकळी हवी. आणि प्रिंटर चालेलच असें नाहीं. रॅम घेतली. प्रिंटर पुढें खरोखरच चालला नाहीं. १,९९९ हा जाहिरातींतला आकडा. आमच्या वहींतला त्याहून बराच मोठा होता, हें पालकांनीं ध्यानांत घ्यावें.

सुमारें २ जीबीचें डाउनलोड, आणि आमची लाइन ५१२ केबीपीएसची. म्हणजे सरासरी साडेआठ तास. रात्रीं दोन ते सकाळीं आठ एवढाच वेळ आम्हांस मोजदाद नव्हती, म्हणून दोन रात्री लागल्या. भारनियमन नसलेला रविवार पाहून व इन्व्हर्टर भरून आम्हीं कामास हात घातला. पडदा काळा होई, यंत्र आपण होऊन पुनः सुरू होई. तेवढा वेळ आई कोणाशीं बोलली नाहीं. अखेर सर्व स्थिर झालें, तेव्हां पहिल्यानें तीच फाईल उघडली. आजोबांचा खोकला ऐकूं आला, कारण ध्वनिमुद्रणाचा आरंभ खोकल्यानेंच आहे. आई उठून चहा टाकावयास गेली.

एक लाभ अनपेक्षित होता. एक्सपीमध्यें देवनागरीची सोय वेगळी चढवावी लागे. येथें ती तयारच होती. मराठीचा कळफलक निवडतांच आईनें मावशीस पत्र लिहिलें. नव्या पडद्यावर स्टार्टचें बटण नव्हतें. १७ ऑक्टोबर २०१३ रोजीं ८.१ विनामूल्य आली, तींत तें परत आलें. तोंवर बाबांस त्यावांचून चालण्याची संवय झाली होती.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० चा नित्याचा आधार संपला. दहावरून ११ वर जाण्यास पैसे पडत नाहींत. परंतु टीपीएम २.० नसलेलीं जुनीं यंत्रें ती सहसा स्वीकारीत नाहींत. दादाचें यंत्र असेंच निघालें, व त्यास नवें घ्यावें लागलें. त्यानें तें फोनवर सांगितलें, तेव्हां आईनें किंमत विचारलीच नाहीं. प्रती किती काढल्यास, एवढेंच विचारलें.