दोन गाण्यांच्या मधला माणूस

रायपूरच्या सिव्हिल लाइन्समधल्या कालीमातेच्या देवळाला लोक 'आकाशवाणीचं कालीमंदिर' म्हणतात. देवीची ओळख नभोवाणी केंद्रावरून सांगायची, हे आमच्या गावाला खटकत नाही. केंद्र सुरू झालं २ ऑक्टोबर १९६३ ला. माझी पिढी त्याच्याबरोबरच बोलायला शिकली.

तात्यापाऱ्यातल्या आमच्या घरात मराठी, गल्लीत छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी. रेडिओला तिन्ही येत. संध्याकाळी काटा रायपूरवर, रात्री आजीसाठी नागपूरवर आणि बुधवारी आठ वाजता रेडिओ सिलोनवर. भिंतीवर तांब्याच्या जाळीची एरियल होती. ती हलवायचा मान घरात फक्त काकांना होता.

सिलोन लावायची वेळ देशावर आली ती एका मराठी माणसामुळे, हे आजोबा फार चवीनं सांगत. १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. शास्त्रीय संगीताचा हा मोठा कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी हद्दपार झाली आणि श्रोते थेट कोलंबोला गेले. तिथे महायुद्धात सैन्यासाठी उभारलेली दणकट लघुलहरी यंत्रं होती. विविध भारती निघाली १९५७ मध्ये, पण तोवर सवय लागून गेली होती. केसकरांचा हेतू वाईट नव्हता. पण त्यांनी नकळत अमीन सायानींचं केवढं भलं केलं!

सायानींची 'बिनाका गीतमाला' सिलोनवर १९५२ च्या डिसेंबरात सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हायचा, फिती विमानानं कोलंबोला जायच्या आणि तिथून आवाज परत आमच्या ओसरीवर. पुढे आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत पत्रं गेली. भाटापारा हे आमच्या शेजारचं गाव तर फर्माइशींच्या पत्रांसाठीच देशभर ओळखलं जायचं. मुंबईला कधी न गेलेल्या भाटापाऱ्याच्या माणसाचं नाव कोलंबोहून ऐकू येई, तेव्हा आमच्याकडे काका मांडीवर थाप मारत, जणू घरातलाच कुणी मॅट्रिक झाला.

गाणी काय, लतादीदींची, रफींची. ती थिएटरातही वाजत, लग्नातही वाजत. सायानींचं स्वतःचं असं काय होतं? दोन गाण्यांच्या मधलं अर्धं मिनिट. तेवढ्यात ते पायदान सांगत, थोडी गंमत करत आणि आधी बहिणींना, मग भावांना हाक मारत. गाणी दर आठवड्याला वर-खाली होत, काही उतरून जात, पण हा माणूस हलला नाही. गीतमाला नव्वदच्या दशकापर्यंत चालली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत सायानी गेले. एखाद्या आवाजाबरोबर म्हातारं होणं गायकाच्या बाबतीत जमत नाही. त्याची तबकडी तरुणच राहते. निवेदक मात्र आपल्याबरोबर पिकतो.

रायपूरला आमचा स्वतःचा माणूस होता, केसरीप्रसाद वाजपेयी, म्हणजे सगळ्यांचे बरसाती भैया. त्यांची छत्तीसगढी ऐकायला शेतावरून परतलेली माणसं 'चौपाल' कार्यक्रमाच्या वेळेला पानठेल्यापाशी थांबत. सायानींचा आवाज इस्त्री केलेला, यांचा अंगणातला. आमच्या आजीला सायानी 'शहाणे' वाटत, पण उत्तर ती द्यायची ते बरसाती भैयांना, चुलीपाशी बसून, मोडक्या छत्तीसगढीत. भैयांच्या बोलण्यात माहेरचं कुणी भेटल्यासारखं तिला का वाटे, हे तिला विचारायचं राहून गेलं.

मोठा चुलतभाऊ मात्र रात्री उशिरा बीबीसीवर जॉन पील शोधायचा. १९६७ पासून २००४ मध्ये मरेपर्यंत इंग्लंडात रॉक संगीत वाजवणारा हा गृहस्थ. कधी तबकडी चुकीच्या वेगात लावायचा आणि तसं बिनदिक्कत सांगूनही टाकायचा. खरखरीतून येणाऱ्या त्या गिटारचं घरात कुणालाच सुख नव्हतं. भाऊ म्हणायचा, गाणी नाही कळत, माणूस कळतो. तेव्हा आम्ही हसलो. आज मला वाटतं, या धंद्याबद्दल याहून नेमकं कुणी काही बोललेलं नाही.

आता भाची एका खासगी एफएमवर बोलते. गाण्यांची यादी संगणकावर आधीच लागलेली असते, तिच्या वाट्याला मधले चाळीस-पन्नास सेकंद. त्यात जाहिरातही असते. ती मधूनच छत्तीसगढीत घसरते, आणि नेमकं तेव्हाच फोन येतात म्हणे. गाण्यासाठी नव्हे. गुढियारीचा एक रिक्षावाला रोज फोन करतो, शारदा चौक ते तात्यापारा कुठे अडकलंय ते कळवायला. रस्ता रुंद करायची चर्चा माझ्या आठवणीत तरी संपलेली नाही, त्यामुळे त्याला बातमीची ददात नाही.