थाप आणि तिचे उत्तर

तालवाद्याची पारख श्रोते कानाने करतात. वादक ती प्रथम हाताने करतो. थाप पडल्यावर वाद्य हाताला काय परत देते, उसळी देते की झटका देते, बोट अलगद टेकले तर त्याची दखल घेते की नाही, यावर त्याची पसंती ठरते. तबला, ढोलकी, पखवाज यांच्याविषयी असे बोलणे आपल्याकडे जुनेच आहे. विजेवर चालणाऱ्या पॅडांविषयी मात्र चर्चा होते ती बहुधा आत किती आवाज भरले आहेत याची. यंदा आमच्या शाळेसाठी तालवाद्य घ्यावयाचे ठरले, आणि त्या निमित्ताने पॅडांची ही दुसरी पारखही आम्हांस करावी लागली.

माजी विद्यार्थ्यांनी जमविलेली रक्कम बेताचीच होती. तरुण शिक्षकांचे मत ऑक्टोपॅड घ्यावा असे पडले. गणेशोत्सव, नवरात्र आणि लग्नसराई यांत बुऱ्हाणपुरात जे ऑर्केस्ट्रे वाजतात, त्यांत ऑक्टोपॅड आता नेहमीचाच झाला आहे. मुलाला तो वाजविता आला तर उद्या चार पैसे मिळतील, असे त्यांचे म्हणणे. ते आम्ही हलके मानीत नाही. आमच्याकडे नववीत एक मुलगा आहे. वडील पॉवरलूमवर कामाला. घरी वाद्य नाही. परंतु बाकावर बोटांनी ताल धरण्याची त्याची सवय सर्व शिक्षकांस परिचित. वाद्य कोणतेही आले तरी प्रथम हात त्याचाच पडणार, हे उघड होते. भजनी मंडळातील एका वृद्ध पखवाजियांनी मात्र, 'मुलांच्या हाताखाली आधी कातडे द्या,' असा आग्रह धरला. दोन्ही पक्ष सद्‌हेतूचे. तेव्हा वाजवून पाहावे आणि मग ठरवावे, असे आम्ही सुचविले.

शहरातील वादकांनी आपापली यंत्रे एका रविवारी शाळेत आणली. पहिला आठ रबरी चौकोनांचा ऑक्टोपॅड. रबर घट्ट, काठी आठही ठिकाणी सारख्याच उंचीने परत येते. द्रुत लयीत याचा मोठा आधार वाटतो. परंतु काठी अगदी हलकी टेकविली तर यंत्र गप्प राहते. त्याची संवेदनक्षमता वाढवावी, तर एका चौकोनावरील जोराच्या ठोक्याने शेजारचाही बोलू लागतो. दोन तास सलग वाजविल्यावर मनगट भरून येते, असे वादकाने आपण होऊन सांगितले.

दुसरा जाळीचा पॅड. गोल कड्यावर विणलेली बारीक जाळी स्क्रूंनी ताणून बसविलेली असते. हाताला तो मऊ, आणि खोलीत आवाज इतका थोडा की हेडफोन लावून रात्री सराव करावा आणि शेजाऱ्याची झोप मोडू नये. मात्र उसळी कातड्याहूनही अधिक. वादक हसून म्हणाला, 'सर, इथे निम्मे काम जाळीच करते. मनगट आळशी होते.'

तिसरा हाताने वाजविण्याचा, ज्याला हँडसॉनिक म्हणतात. यावर बोटे चालतात, तबल्याचे बोल निघतात, आणि दाब दिला की डग्ग्याच्या घिश्शाप्रमाणे नाद वर चढतो. तिघांत आम्हांस हाच अधिक भावला. तरीही नाद चढताना हाताखाली काही ताणले जात आहे, ही जाणीव मात्र बोटांना होत नाही.

या यंत्रांचा इतिहास पाहिला तर गंमत वाटते. १९८१ साली इंग्लंडच्या सिमन्स कंपनीचा षट्कोनी पॅडांचा संच आला. त्याचा पृष्ठभाग पॉलिकार्बोनेट या कठीण प्लॅस्टिकचा होता. वादकांची मनगटे दुखू लागली आणि पुढे मऊ पृष्ठभागाकडे वळावे लागले. १९८५ साली जपानच्या रोलँड कंपनीने पहिला ऑक्टोपॅड काढला. त्याच्या पोटात स्वतःचा एकही आवाज नव्हता. तो दुसऱ्या यंत्राला केवळ संकेत पाठवी. १९९७ साली त्याच कंपनीने जाळीच्या पॅडांचा संच आणला. कठीण प्लॅस्टिक, मग रबर, मग ताणलेली जाळी! आवाज वाटेल तितके भरता आले, तरी हाताचे समाधान करण्यासाठी कारखानदारांना पावलापावलाने कातड्याच्याच दिशेने यावे लागले.

यातील अडचण समजून घेण्यासारखी आहे. पॅडच्या खाली आघात ओळखणारा एक लहानसा भाग असतो. ठोका केव्हा पडला आणि किती जोराने पडला, हे तो मुख्यतः सांगतो. त्यानुसार यंत्र साठविलेला आवाज लहान वा मोठा करून ऐकविते. बोट कडेला पडले की मध्ये, टेकून राहिले की तत्काळ उचलले, हे साध्या रबरी पॅडला कळत नाही. तबल्याच्या पुडीवर हाच सारा भेद आहे. चाट, लव आणि शाई यांचे बोल निराळे; एक बोट हलकेच टेकवून दुसऱ्याने आघात केला तर निराळाच नाद. शाईमुळे साध्या चामड्याचे बेसूर उपनाद सुरेल क्रमात येतात, हे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी शिवकाली कुमार यांच्यासह १९२० साली 'नेचर' या नियतकालिकात दाखविले, आणि १९३४ साली त्यावर पुन्हा विस्ताराने लिहिले. परंतु त्यासाठी बोट नेमक्या जागी पडावे लागते. ते चुकले तर वाद्य तसे स्पष्ट सांगते.

आमच्या दृष्टीने सारा प्रश्न येथेच येऊन ठेपला. त्या नववीतील मुलाने ऑक्टोपॅडवर काठी टेकविली आणि पहिल्याच ठोक्याला उत्कृष्ट आवाज निघाला. त्याचा चेहरा उजळला. तो आनंद खोटा नव्हता. परंतु विसावा ठोकाही तितकाच उत्कृष्ट निघाला, आणि पहिल्याहून तो बरा की वाईट, हे त्याला कोणीच सांगितले नाही. मग संगीत शिक्षकांच्या जुन्या तबल्यावर त्याने 'ना' काढून पाहिला. तो उमटेना. टप टप असा बोथट आवाज येई. चार दिवस मधल्या सुट्टीत तो तेथेच बसून राहिला. पाचव्या दिवशी चाटेवर बोट नेमके पडले आणि 'ना' खणखणीत वाजला, तेव्हा शिक्षक खोलीतही नव्हते. त्याला वाद्यानेच शिकविले होते.

ज्या गावाचे नाव मृदंगाचार्य गोविंदराव बुऱ्हाणपूरकर यांनी देशभर नेले, त्या गावात हे नवे नाही. गोविंदराव सखारामपंत आगले यांचे शिष्य, आणि सखारामपंत इंदूरच्या होळकर दरबारातील नाना पानसे यांचे. या परंपरेत पखवाजाच्या धुम्याला वादनापूर्वी कणीक लावावी लागते. ती किती भिजवावी, किती जाड थापावी, हे हातालाच शिकावे लागते. वाद्य तयार करणे हाही शिक्षणाचाच भाग.

कातड्याच्या अडचणी आम्ही नाकारीत नाही. पावसाळ्यात तापीकाठची दमट हवा लागली की पुडी उतरते. वैशाखात ती इतकी ताणते की फाटण्याची भीती. पुडी बदलण्याचा खर्च वेगळाच. पॅडला ऋतू बाधत नाही. ज्याचा हात तयार आहे त्याला पॅड हे उत्तम साधन आहे, हे त्या रविवारी आलेल्या वादकांकडे पाहूनच पटले. त्यांच्यापैकी ज्याचा पॅडवरील हात सर्वांत नाजूक होता, त्याने लहानपणी ढोलकी वाजविली होती.

म्हणून शाळेसाठी तबल्याची जोडी आणि ढोलकी घ्यावी, थोडी रक्कम पुड्यांसाठी राखून ठेवावी, असे आम्ही ठरविले. तरुण शिक्षकांचा मुद्दाही सोडला नाही. ऑर्केस्ट्रातील एका वादकाने आठवड्यातून एकदा आपला ऑक्टोपॅड घेऊन येण्याचे मान्य केले आहे. ज्या मुलाचा तबल्यावर 'ना' नीट वाजू लागेल त्याने त्या दिवशी त्यावर बसावे, असा नियम केला. त्या मुलाची पाळी पहिल्याच आठवड्यात आली.

इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद येथील आपल्या मंडळांपुढेही अशी खरेदी येतच असेल. त्यांना आमची एवढीच विनंती की, दुकानात जाताना शिकणाऱ्या एखाद्या मुलाला बरोबर न्यावे. त्याला प्रथम अगदी हलका आघात करावयास सांगावे, मग कडेला, मग मध्यभागी. आणि वाद्य त्याच्या हाताला प्रत्येक वेळी निराळे उत्तर देते की नाही, हे पाहावे. आत भरलेल्या आवाजांची यादी नंतर वाचली तरी चालेल.